पिंपांची बारशी

आमच्या गिरणीच्या रंगखात्यात रसायनांच्या पिंपांची बारशी होत असत. ज्यांना हसायचं असेल त्यांनी इथेच हसून घ्यावं, पुढे मी त्यासाठी थांबणार नाही. मी त्या गिरणीत स्टोअरकीपर होतो. माझ्या साडेसहा वर्षांपैकी शेवटच्या साडेतीन वर्षांत सव्वीस बारशी झाली, त्यांपैकी चोविसांना मी हजर होतो. एकदा मला हिवताप होता आणि एकदा धाकट्या बहिणीचं लग्न माढ्याला होतं.

ही बारशी घालणारा माणूस म्हणजे आमचे रंगमास्तर. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलेलं त्यांना आवडलंही नसतं, कारण कुठल्याही नावावर त्यांचा भरवसा कमी. सोलापुरात त्यांना वेडा म्हणणारे पुष्कळ होते आणि त्यांतले काही चांगले शिकलेले होते. मी त्यांच्या हाताखाली नव्हतो, पण माझं स्टोअर त्यांच्या खात्याला लागून होतं आणि मधल्या भिंतीला खिडकी होती. त्या खिडकीतून जे दिसलं ते लिहितो.

उंच, हडकुळे. अंगात पांढरा कोट, डोक्याला पांढरी टोपी, आणि रंगखात्यात सारा जन्म काढून त्या दोन्हींवर एक ठिपका नाही. डावा हात मात्र कोपरापर्यंत निळा. डाव्या हाताने कुंडातला रंग पाहायचा आणि उजव्याने लिहायचं, जेवायचं, असा त्यांचा नेम होता. लग्नकार्यात पंगतीला बसले की तो निळा हात मुद्दाम गुडघ्यावर सगळ्यांना दिसेल असा ठेवत. एकदा शेजारच्या गृहस्थाने विचारलं, "मास्तर, हात धुवून तरी यायचं होतंत."

"धुतलेला आहे," मास्तर म्हणाले. "तुमचा दाखवा."

'दाखवा' हा त्यांचा आवडता शब्द. माणसाने काहीही सांगितलं की एवढंच म्हणायचे. साबूदाणा महाग झाला म्हटलं तरी दाखवा. मी एकदा म्हणालो, की खाराच्या पोत्यात सव्वादोन पौंड तूट आहे, तर वही न बघता "दाखवा" म्हणाले आणि मला ते पोतं काट्यावर चढवायला लावलं. तूट दोन पौंड चौदा औंस निघाली. तेव्हापासून मी काट्यावर चढवल्याशिवाय त्यांच्याशी बोललो नाही.

दुसरी खोड वास घेण्याची. रसायनाचा घेत, सुताचा घेत आणि माणसाचाही घेत. मॅनेजरसाहेब खात्यात आले की हा माणूस नाक जरा पुढे करून म्हणायचा, "आज घरी शेंगाची चटणी झाली वाटतं. लसूण जास्त पडला." मॅनेजरांना ते मुळीच खपत नसे. पण लसूण खरोखर जास्त पडलेला असे, त्यामुळे बोलता येत नसे.

बारशांची गोष्ट सुरू झाली ती मात्र चिठ्ठ्यांमुळे.

महायुद्ध संपून जर्मनीचे रंग पुन्हा यायला लागले होते आणि त्यांच्याबरोबर वीतभर लांबीच्या नावांची रसायनंही. रंगखात्यात सतरा माणसं कुंडांवर होती. कुणी तेलुगू बोलणारा, कुणी दखनी, कुणी करमाळ्याकडचा. मास्तरांनी त्यांना दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा, सुकवणीच्या मांडवात, फरशीवर कोळशाने अक्षरं शिकवली होती. अक्षरं आल्यावर त्याच वेळेत ते 'शास्त्रचर्चा' घ्यायला लागले. एकाने आपल्या कामातल्या एखाद्या वस्तूवर चार ओळी लिहून आणायच्या, वाचायच्या, बाकीच्यांनी वाद घालायचा. टिपणं मी लिहीत असे.

पहिल्या वर्षाची ती टिपणं वाचली तर माणूस चक्रावेल. हायड्रोसल्फाइट नावाची एक पूड निळीच्या कुंडात लागते. माणसं तिला 'हायड्रो' म्हणत. आणि ओलं सूत गरगरा फिरवून पाणी काढणारं एक यंत्र होतं, त्यालाही 'हायड्रो' म्हणत. निळीच्या कुंडावरचे हुसेनभाई पुडीवर चार ओळी लिहून आले. नाव त्यांनी लिहिलं होतं 'हैदर'.

"हैदर खुल्ला रखे तो उसकी ताकत जाती," हुसेनभाईंनी वाचलं.

यंत्रावर काम करणारा गेनबा, जेऊरकडचा, तो उठून उभा राहिला. "काय बी सांगू नगा हुसेनभाई. माजा हायड्रो धा वर्सं उगडा हाय. रोज त्याल घालतो, झालं. लई ताकद हाय त्याच्यात."

"तेल? हैदर में तेल? अरे, पूरा कुंड मर जाएगा!"

"कुंडात कशापायी घालू? आसात घालतो की!"

अर्धा तास हे चाललं. शेवटी गेनबा म्हणाला, की हुसेनभाईंचा हैदर कोण हे त्याला ठाऊक नाही, तर हुसेनभाई म्हणाले, "हैदर मेरे फूफा का नाम है, उनको बीच में लाना नक्को." मी ते सगळं जसंच्या तसं टिपलं, कारण काय वगळावं हे मला कळेना.

दुसरं प्रकरण जास्त लांबलं. ऑक्झॅलिक ॲसिड म्हणून एक खडेदार पदार्थ डाग काढायला लागतो. विषारी आहे. एकाने आपल्या निबंधात ते 'अक्कलकोट ॲसिड' असं लिहिलं आणि एकालाही त्यात वावगं वाटलं नाही. अक्कलकोट सगळ्यांच्या पायाखालचं गाव. गेनबाने तर पुस्ती जोडली, की तिकडच्या विहिरींचं पाणी मुळातच आंबूस असणार. पुढे ते संपलं तेव्हा मागणीच्या चिठ्ठीवर तेच नाव आलं, माझ्या हाताखालच्या माणसाने तसंच गाडीवानाला सांगितलं, आणि गाडीवान चार दिवस रेल्वेच्या मालधक्क्यावर अक्कलकोटहून आलेला माल शोधत हिंडला. मुंबईहून आलेलं पिंप त्याच मालधक्क्यावर त्याच्यापासून वीस पावलांवर पडून होतं. ती पावलं मी नंतर जाऊन मोजली.

मी हसलो. मास्तर हसले नाहीत. ते पिंप त्यांनी पुढच्या रविवारी मांडवाच्या मधोमध ठेवलं आणि जाहीर केलं, "ह्याला आपल्या घरातलं नाव नाही, म्हणून हे हरवतं. ह्याचं बारसं करू."

बारशाची रीत अशी. पदार्थ पाटावर ठेवायचा. प्रत्येकाने तो बघायचा, लांबून वास घ्यायचा. जिभेला लावायचा नाही. जो लावायला जाईल त्याच्या हातावर मास्तरांची पट्टी. मग एक चिमूट निखाऱ्यावर, एक चिमूट सुतावर आणि एक चिमूट गिरणीच्या विहिरीच्या पाण्यात. आमच्या विहिरीचं पाणी इतकं जड, की डाळ शिजायला घरच्यापेक्षा दुप्पट वेळ घेई. मग त्या पदार्थाने काय केलं ते सतरा जणांनी सांगायचं, आणि जे केलं त्यावरून नाव ठेवायचं. एकाचाही विरोध असेल तर नाव नाही. नाव ठरलं की मी ते पिंपावर काजळीने लिहायचं आणि मास्तरांच्या घरून आलेल्या हरभऱ्याच्या घुगऱ्या वाटायच्या. मास्तरांची बायको मला एकदा म्हणाली, "माझ्या चार पोरांच्या बारशांना मिळून एवढे हरभरे भिजले नव्हते हो."

ऑक्झॅलिकचा खडा विहिरीच्या पाण्यात टाकला तसं पाणी दुधासारखं पांढरं झालं. त्याचं नाव पडलं 'दुधी'. त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा खार, ग्लॉबर सॉल्ट, लाल रंगाबरोबर घालतात. तो पाण्यात गुपचूप विरघळला, ना रंग ना वास. तो 'मुका'. हुसेनभाईंची पूड उघडी राहिली की बिघडते, म्हणून ती 'रुसवी'. कॉस्टिक सोड्याचं नाव गेनबाने ठेवलं. वाटीतल्या तुकड्यांकडे बघत तो म्हणाला, "पानी दावलं की तापतंय. हात लावला की कातडं काढतंय. कोरडं ठिवलं तर आपल्याआपन वलं हुतंय. मास्तर, ह्यो जावई हाय की!"

सतरांपैकी पंधरा जण सासरे होते. विरोध झाला नाही.

मला स्वतःला हे आधी पटलं नव्हतं. स्टोअरच्या वहीत 'जावई, सहा पिंपं' असं लिहिताना हात अडखळायचा. पण मी आकड्यांचा माणूस आहे आणि दवाखान्यात पाठवलेल्यांची चिठ्ठी माझ्याकडूनच जायची. बारशांच्या आधीच्या दोन वर्षांत नऊ माणसं रसायनाने भाजून दवाखान्यात गेली होती. बारशी सुरू झाल्यावर साडेतीन वर्षांत एकही गेलं नाही. मी ते आकडे मास्तरांना दाखवले. त्यांनी वही परत दिली आणि म्हणाले, "मला कशाला दाखवता? मी हसत नव्हतो."

मग एका रविवारी गावातले एक विद्वान गृहस्थ शास्त्रचर्चेला आले. विज्ञानावर व्याख्यानं देत असत. मास्तरांनीच बोलावलं होतं. हुसेनभाई निळीच्या कुंडाची कृती सांगत होते.

"पैले जावई को ठंडे पानी में बिठाना. गरम हुआ तो छेड़ना नक्को. फिर नीली डालना, और ऊपर से रुसवी को हौले हौले छोड़ना. दोनों मिले की पानी पीला पड़ताच."

गृहस्थ आधी इकडे तिकडे बघायला लागले. मग हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आणि हसू संपलं तसे चिडले. "मास्तर, हे शास्त्र नाही, हा तमाशा आहे. तुम्ही शिकलेले. ह्या लोकांना शुद्ध नावं शिकवायची सोडून तुम्ही..."

"शुद्ध नावं होती तेव्हा नऊ जण भाजले," मास्तर म्हणाले. "ह्या तमाशात एकही नाही. आकडे ह्यांच्याकडे आहेत." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. निळं बोट.

गृहस्थांना आकडे नको होते. त्यांनी ती हकीकत गावात सांगितली, गावातून ती मालकांच्या कानावर गेली आणि महिन्याभरात मुंबईहून एक तज्ज्ञ आले. माणूस हुशार होता, मी उगाच खोटं बोलणार नाही. त्यांनी खातं पाहिलं, काजळीची नावं पाहिली आणि लेखी हुकूम काढला. पिंपांवरची सगळी नावं खरवडून छापील वळणाची इंग्रजी लेबलं लावावीत. पंधरा दिवसांनी कुंडावरच्या प्रत्येक माणसाची परीक्षा होईल. दहा रसायनांची नावं शुद्ध लिहिता आली पाहिजेत. बाळबोधीत लिहिली तरी चालेल, पण अक्षर इकडचं तिकडे नको. त्यानंतर एकेक लहान घाणा रंगवून दाखवायचा. पण जो लेखीत नापास, तो कुंडावरून धुलाईला.

धुलाईला म्हणजे दिवसभर गार पाण्याच्या हौदात गुडघाभर उभं राहायचं. त्या सतरांतला नरसय्या साठीला टेकलेला होता. लाल रंगाच्या कुंडावर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याचा बापही हातमागाचं सूत रंगवायचा. त्याचे गुडघे इतके सुजलेले असत, की बसला तर उठताना दोघांनी हात द्यावा लागे. धुलाईवर तो एक हिवाळा टिकला नसता, हे मॅनेजरांनाही ठाऊक होतं.

माणसं मास्तरांकडे गेली. "स्पेलिंग शिकवा मास्तर. आमी शिकतो."

"शिकवतो," मास्तर म्हणाले. "पण दुधीला दुधी म्हणायचं कुणी सोडलं तर शिकवणार नाही."

पंधरा दिवस रोज संध्याकाळी भोंगा झाल्यावर अर्धा तास त्यांनी शुद्ध नावं लिहायला आणि लेबलावरची इंग्रजी ओळखायला शिकवलं. नरसय्या सगळ्यांत पुढे बसायचा. अक्षर त्याचं चांगलं, वळणदार. पण ग्लॉबर सॉल्ट म्हटलं की हात 'गुलाबसाल' लिहून मोकळा. चाळीस वेळा गिरवलं, मी मोजलं, एकेचाळिसाव्या वेळी पुन्हा गुलाबसाल. "अय्यो," तो म्हणायचा, "हात ऐकत नाय."

त्या पंधरा दिवसांत मी चौतीस लेबलं लिहिली. माझं इंग्रजी अक्षर चांगलं आहे. लेबलं लावून झाल्यावर मी मागे सरून ती ओळ पाहिली आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत प्रथमच माझं स्टोअर स्टोअरसारखं दिसत होतं. मास्तर त्या पंधरा दिवसांत स्टोअरमध्ये एकदाही आले नाहीत.

परीक्षा मांडवातच झाली. सतरा माणसं फरशीवर कागद घेऊन बसली. तज्ज्ञसाहेब एकेक डबा वर धरत आणि माणसं त्याचं नाव लिहीत. तासाभराने त्यांनी कागद तपासून मॅनेजरांसमोर वाचून दाखवले. सतरांत चार पास, तेरा नापास. नापासांचे कागद त्यांनी मोठ्याने वाचले. 'हैदरसाल'. 'अक्कलिक'. 'कासटीक सोडवा'. मॅनेजर हसले, त्यांच्याबरोबरचा हेडक्लार्क हसला. नरसय्याच्या कागदाशी आल्यावर साहेब थांबले.

"गुलाबसाल. हे काय, सरबत आहे?"

नरसय्या दोघांचा हात धरून उठला. "साब, लिवता नाय आला. पन काय हाय ते दाखवतो."

"दाखव," मास्तर मागून म्हणाले. सबंध सकाळचा तो त्यांचा पहिला शब्द.

नियमाप्रमाणे दुसरा भाग होणारच होता. लहान कुंडांत लाल रंग तयार होता. त्यात ग्लॉबर सॉल्ट घालून प्रत्येकाने पाच पौंड सूत रंगवायचं. मी लेबल बघून पिंप काढलं आणि प्रत्येकाला मापाने खार दिला. गुणानुक्रमे पास झालेले चौघे आधी. त्यांनी पिंपावरचं लेबल वाचलं, मान डोलावली, खार कुंडात ओतला आणि सूत सोडलं. साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

मग नरसय्याची पाळी. त्याने खार हातात घेतला आणि कुंडाकडे न जाता भिंतीपाशी गेला. तिथे विहिरीच्या पाण्याचा तांब्या होता. चिमूटभर खडे त्याने तांब्यात टाकले, बोटाने ढवळलं आणि आत बघितलं. मग खाराचं माप खाली ठेवलं.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"हे मुका नाय," नरसय्या म्हणाला. "पानी दूध झाला."

"पिंपावर काय लिहिलंय ते दिसत नाही का तुला?"

"लिवलंय ते इस्टोरवाल्याचा हाय. पानी माजा हाय."

साहेबांचा आवाज चढला. म्हाताऱ्याला वाचता येत नाही, त्यानेच खार कुठूनतरी बदलून आणला असेल, नाहीतर तांब्यात साबण असेल, असं ते मॅनेजरांना सांगायला लागले. हेडक्लार्कने नरसय्याचा दंड धरला. मी स्टोअरकडे गेलो. ती दोन पिंपं शेजारी शेजारी होती, एकाच मापाची, एकाच दिवशी आलेली. दोन्हींतले खडे पांढरे, पारदर्शक, बहिणी-बहिणीसारखे. मी दोन पेल्यांत विहिरीचं पाणी घेतलं. 'ग्लॉबर सॉल्ट' लिहिलेल्या पिंपातल्या चिमटीने पाणी दुधासारखं झालं. 'ऑक्झॅलिक ॲसिड' लिहिलेल्यातली चिमूट निमूट विरघळली. दोन्ही लेबलांची अक्षरं माझी, आणि स्पेलिंग बिनचूक.

दोन्ही पेले घेऊन मी मांडवात आलो. हेडक्लार्कचा हात अजून नरसय्याच्या दंडावर होता.

"त्याला सोडा," मी म्हणालो. "लेबलं मी लावली. उलटी लावली."

मॅनेजरांनी मला पेले खाली ठेवायला सांगितलं आणि मी ठेवले नाहीत, एवढं आठवतं. मास्तरांनी पुढे येऊन दोन्ही पेल्यांत वाकून पाहिलं. त्या चुकीबद्दल पुढे ते मला कधी एक शब्द बोलले नाहीत, आणि ते मला अजून जड जातं. नरसय्याने खऱ्या मुक्याची चिमूट आधी पाण्याला दाखवली, मग माप घेतलं आणि आपलं सूत रंगवलं. बाकीच्या बारा जणांनीही तेच केलं. पहिल्या चौघांचं सूत मात्र तासभर त्या ॲसिडात उकळून निघालं होतं. लाल रंगात दूध दिसत नाही.

तज्ज्ञसाहेब लवकरच सावरले. "चूक स्टोअरची. तिचं काय करायचं ते मॅनेजर बघतील. परीक्षेचा निकाल निकाल आहे. तेरा माणसं उद्यापासून धुलाईला."

"उद्या सकाळी बोलू," मास्तर म्हणाले. "सूत सुकू द्या."

"सुताचा काय संबंध?"

"ते विकत घेणारे विणकर स्पेलिंग बघत नाहीत. ओढून बघतात."

माझं काय झालं ते इथेच सांगून टाकतो. मला स्टोअरवरून काढून सुताच्या गोदामात टाकलं आणि ते रास्त होतं. मास्तरांचा करार पुढच्या चैत्रात संपला, तो मालकांनी पुन्हा केला नाही. कारण दिलं नाही. ते गाव सोडून गेले तेव्हा सतरा माणसं स्टेशनवर होती, मीही होतो. पण हे सगळं नंतरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात दोरीवर प्रत्येकाच्या सुतातली एकेक, अशा सतरा लडी सुकत होत्या. सगळ्या लाल. लांबून बघितलं तर एकीला दुसरीपासून ओळखता येत नव्हती. मास्तर मॅनेजरांना म्हणाले, "साहेब, तुम्हीच ओढा."

मॅनेजरांनी पहिल्या लडीतला धागा काढला, दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळला आणि ओढला. टचकन तुटला. दुसरा काढला. तोही तुटला. चार लडींतले मिळून त्यांनी अकरा धागे ओढले आणि अकराच्या अकरा तुटले. पाचवी लड नरसय्याची. तिचा धागा ओढताना मॅनेजरांच्या बोटात रुतला, बोटाला लाल खाच पडली, धागा तसाच. त्यांनी तो आणखी दोनदा ओढला. मग पुढच्या बारा लडींतला एकेक ओढला आणि एकही तुटला नाही.

"त्या चौघांचा काय दोष?" तज्ज्ञसाहेब म्हणाले. "त्यांनी लेबल वाचलं."

"त्यांचा काहीच दोष नाही," मास्तर म्हणाले. "तुम्ही सांगितलं तेच त्यांनी केलं. वाचलं आणि ओतलं. साडेतीन वर्षं तेच चौघे आधी पाण्याला दाखवत होते. पंधरा दिवसांत तुम्ही त्यांची सवय मोडलीत."

मॅनेजरांनी बोटावरची खाच चोळली. मग म्हणाले, "बरं. माणसं आपापल्या जागेवर राहू देत. कुणी धुलाईला जाणार नाही. निकाल मी फाइलीत ठेवून देतो. लावा कामाला."

माणसं हलली. मास्तर हलले नाहीत.

"लेखी द्या."

"मास्तर, मी सगळ्यांसमोर तोंडाने सांगितलंय."

"तोंडी नाव पुरत नाही, लेखी पाहिजे, असा तुमचाच हुकूम आहे. आमच्या खात्यातल्या तेरा माणसांनी त्या हुकमासाठी पंधरा दिवस कोळशाने फरशी काळी केली. आता तुम्ही एक ओळ लिहा. मराठीत लिहा, ह्यांना वाचता यायला हवी. तोवर एकही कुंड पेटणार नाही."

"आणि मी नाही लिहिली तर?"

"तर मी धुलाईला जातो. तेरांत चौदावा. मलाही स्पेलिंग येत नाही असं समजा." आणि खरंच ते कोट काढायला लागले. तो पांढरा कोट त्यांनी खात्यात काढलेला आम्ही कधी पाहिला नव्हता. आतल्या सदऱ्याच्या बाह्या त्यांनी वर सारल्या. एक हात निळा, एक पांढरा.

मॅनेजरांनी तज्ज्ञसाहेबांकडे पाहिलं. तज्ज्ञसाहेब दोरीवरच्या लडींकडे पाहत होते. हेडक्लार्कने पुढे केलेली पेन्सिल मॅनेजरांनी घेतली. दुसरा कागद जवळ नव्हता, म्हणून निकालाच्याच कागदाच्या पाठीवर, गेनबाच्या यंत्राच्या कडेवर टेकवून त्यांनी लिहिलं आणि खाली सही केली. कागद मास्तरांकडे केला. मास्तरांनी तो घेतला नाही.

"त्याला द्या. त्याला वाचू द्या."

नरसय्याने कागद दोन्ही हातांत धरला. मोठ्याने, एकेक अक्षर लावत वाचायला लागला. "ह्या... खा...त्या...तील... सर्व... मा...ण...सं..." मॅनेजर जायला वळले होते, ते थांबले. तज्ज्ञसाहेबही थांबले, कारण बाहेरची वाट नरसय्याच्या मागून जात होती आणि तो हलत नव्हता. ती एक ओळ वाचायला त्याला किती वेळ लागला ते मी त्या दिवशी मोजलं नाही. तो जिथे अडला तिथे कुणी सांगितलं नाही, आणि तो कुठल्याच अक्षरावर चुकला नाही. "...आ...प...ल्या... जा...गे...वर... रा...ह...तील."

मॅनेजरांनी कागदासाठी हात पुढे केला. तो फाइलीला लावायचा होता.

नरसय्याने कागदाची घडी घातली, बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि लाल कुंडाकडे चालू लागला.